‘समजलं का?’ विचारायचं नाही

सकाळी 8. साताऱ्यात केसपेपरच्या खिडकीशी रांग लागलीय. माझ्याकडं तिसऱ्या वर्षाची सहा मुलं. 2019 पासून एमबीबीएसला रुग्णाशी बोलायचंही रीतसर शिकवतात. मधुमेहाच्या रुग्णापाशी ते शिक्षण खरं कसाला लागतं, कारण गोळी आपण लिहितो, पण आजार त्याला घरी सांभाळायचा असतो.

9.30. ‘‘मावशी, कार्बोहायड्रेट कमी करा. समजलं का?’’ ‘‘व्हय.’’ मुलगा समाधानानं पुढचा कागद ओढतो. मी विचारते, ‘‘मावशी, घरी सूनबाईला काय सांगाल?’’ ‘‘साखर बंद म्हणून. आमी गुळाचाच चहा पितो, गूळ घरचा हाय.’’ गुळानंही रक्तातली साखर वाढतेच. उपासाची साबुदाणा खिचडी तर कुणी विचारलीच नव्हती. तेव्हापासून आमच्यात ‘समजलं का?’ला बंदी. त्याचं उत्तर कायम ‘व्हय’च येतं.

11. इन्शुलिन. प्रत्येकानं स्वतःच्या पोटाला सुई टोचून घ्यायची. मग रुग्णाची भीती सांगावी लागत नाही. मिलिलिटरला 40 युनिटच्या इन्शुलिनच्या सिरिंजला लाल टोपी, 100 च्या सिरिंजला नारिंगी. 40 ची बाटली आणि 100 ची सिरिंज अशी जोडी पडली, तर वीसच्या खुणेपर्यंत भरूनही आठच युनिट जातात. उलट झालं तर पन्नास! हे गणित मी फळ्यावर मुलांकडूनच करून घेते. पन्नासचा आकडा आला की वर्ग गप्प होतो. फ्रिज नसलेल्या घरी बाटली माठाच्या गारव्याला कशी ठेवायची, तेही करून दाखवायचं.

दुपारी 3. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार मुलांनी दत्तक घेतलेली कुटुंबं, कृष्णाकाठचं उसाचं गाव. एक मुलगी आजोबांच्या पायांची बोटं, टाचा, भेगा बघते. रानात अनवाणी जायचं नाही, हे चप्पल त्यांच्या पायात घालूनच सांगते. आजोबा इन्शुलिन घेतात, त्यानं साखर फार उतरूही शकते.

‘‘आजोबा, घाम फुटला, हातपाय थरथरले तर काय कराल?’’

‘‘पडून ऱ्हाईन.’’

‘‘नाही, आजोबा. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही, तर पुन्हा तेवढीच.’’

‘‘साखर? ती तर डाक्टरनीच बंद केली. घरात ठेवतच न्हाई.’’

ती माझ्याकडं बघते. मी काही बोलत नाही. ती उठून कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर साखर आणते, बरणीत भरून आजोबांच्या उशाशी ठेवते.

‘‘आता आजोबा, तुम्ही मला सांगा.’’

आजोबा सुनेला हाक मारतात आणि तिला बरणी दाखवून सांगू लागतात.