एवढी ओळ होऊ दे

दाराबाहेरची रांगोळी चपलांनी फिसकटली आहे. आत पाऊल टाकते आणि तळव्याला हलव्याचा दाणा टोचतो. काल मावशीकडे हळदीकुंकू झालं. संक्रांतीला चार दिवस होऊन गेलेत, रथसप्तमीला अजून अवकाश आहे. सतरंजी गुंडाळून भिंतीशी उभी केली आहे. शेजारून आणलेल्या खुर्च्या एकात एक घालून दाराशी ठेवल्यात. टेबलावर हळदीकुंकवाची कुयरी, रिकामी अत्तरदाणी, मसाला दुधाचे ग्लास. ग्लासांच्या कडेला साय वाळून बसली आहे. सदाशिव पेठेतल्या या दोन खोल्यांत अजून गुलाबपाण्याचा आणि तिळाचा वास भरून आहे.

मावशी खिडकीशी बसली आहे. जानेवारीतलं कोवळं ऊन नेमकं तिच्या मांडीवर पडतं. मांडीवर पांढरा पंचा आणि पंच्यावर काळं विणकाम.

"ये गं. चहा झालाय, गाळून घे. एवढी ओळ होऊ दे."

मी चहा गाळते. दोन कप घेऊन येते. तिचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते. ओळ अजून व्हायची आहे.

ओळ अर्ध्यात सोडायची नाही, हा या घरातला सगळ्यात जुना नियम. अर्ध्यात ठेवली की दोन सुयांच्या मधले टाके ताणतात. परत हातात घेताना आपण कुठल्या बाजूने चाललो होतो, तेही विसरतं. म्हणून कुकरची शिट्टी थांबते, फोन थांबतो, काकांची आंघोळीनंतरची हाक थांबते. एका ओळीला जेमतेम अडीच मिनिटं लागतात. घराला त्याची सवय झाली आहे.

काळा स्वेटर आहे तो वरच्या मजल्यावरच्या बाळाचा. पहिली संक्रांत, रविवारी बोरन्हाण. हलव्याचा मुकुट, हलव्याच्या बिंदल्या त्याच्या आजीने आणल्यात. खाली घालायला काळा स्वेटर मावशीकडून. काळ्यावर ठरावीक अंतराने एकेक पांढरा टाका, हलव्याच्या दाण्यासारखा. दिसायला साधं, विणायला अवघड. काळ्या लोकरीत टाका दिसतच नाही. म्हणून मांडीवर पांढरा पंचा. खालचा पांढरा रंग टाक्यांच्या फटींतून वर येतो आणि प्रत्येक टाका सुटा दिसतो. ही युक्ती तिला तिच्या सासूबाईंनी शिकवली.

ओळ संपते. ती विणकाम माझ्यापुढे धरते. मधोमध सुईला चिमटे लावलेत, कपडे वाळत घालायचे.

"काल कुणाच्या तरी नातवाने सुई उपसली. पलंगावर ठेवलं होतं मी. कळलं कुणालाच नाही."

पुढच्या भागाचे ७७ टाके होते सुईवर. त्यातले वीसेक सुटले. बरेचसे जागच्या जागी तोंड उघडून राहिले, ते तिने रात्रीच सुईवर चढवले. तीन मात्र खाली धावले. एक तर नऊ ओळी खाली गेला आहे. त्याच्या वर नुसत्या आडव्या दोऱ्यांची शिडी दिसते, एकावर एक नऊ पायऱ्या.

ती क्रोशाची सुई घेते. चष्मा कपाळावर सरकवते, विणकाम नाकापाशी नेते. तळाशी पळालेला टाका आकड्यात अडकवते. वरची पहिली पायरी आकड्याने पकडते आणि त्या टाक्यातून ओढून काढते. एक टाका झाला. पुढची पायरी. पुन्हा ओढ. आवाज अजिबात नाही. रस्त्यावर भंगारवाला ओरडून जातो. पायऱ्या एकेक करून मिटत वर येतात. नववी आली की मोकळा टाका अलगद डाव्या सुईवर जाऊन बसतो. ती बोटाने ती जागा चोळते, दोन्ही बाजूंना हलकेच ताण देते. आता शोधूनही सापडत नाही. मी खरंच शोधते.

"अजून दोन," ती म्हणते आणि गार चहा एका दमात पिऊन टाकते.

मी मनातल्या मनात गुणाकार करते. सुई दहा नंबरची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. हे नंबर जुने इंग्रजी, तारांच्या जाडीवरून आलेले. म्हणून नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. या सुईवर, या लोकरीत, इंचाला सात टाके आणि नऊ ओळी बसतात. अकरा इंच रुंद पाठ, अकरा इंच उंची. ७७ टाके, ९९ ओळी. एकट्या पाठीचे साडेसात हजार टाके होतात. पुढचा भाग आणि दोन बाह्या धरल्या, मुंढा-गळ्याचे वजा केले, तरी हातभर स्वेटर वीस हजारांच्या आसपास जातो. मूल तो एक हिवाळा घालतं. मावशीला मी हा आकडा सांगते. ती मान हलवते. तिने कधी मोजलेलं नाही, तिला फक्त ओळी माहीत असतात.

स्वयंपाकघरात भांड्यांचा ढीग आहे. मी घासायला घेते. ओट्यावर कालनिर्णयाच्या जुन्या पानाची पाठ, त्यावर तीन नावं पेन्सिलीने लिहिलेली. वाण कमी पडलं, त्या तिघी. यंदा तिने क्रोशाच्या मोबाइल-पिशव्या लुटल्या. नवरात्रात सुरुवात केली होती. ३५ झाल्या आणि बायका आल्या ३८. तिघींना तिळगूळ दिला आणि कबूल केलं, की रथसप्तमीच्या आत पोचवते.

मागच्या गॅलरीत दोरीवर एक पांढरं टोपडं वाळतंय. ते बाळंतविड्यातलं. भाचीचे दिवस फाल्गुनात भरतात. दुपटं झालंय, मोज्यांचे दोन जोड झालेत, झबल्यावर घालायचा स्वेटर राहिलाय. टोपड्यावर काल कुणाचं तरी हळदीचं बोट लागलं. मावशीने साबण लावला आणि डाग पिवळ्याचा तांबडा झाला. दुसरी कुणी घाबरली असती. हळदीला साबण लागला की ती तांबडी होते आणि उन्हात ठेवली की उडते, हे तिला पाठ आहे. टोपडं स्वच्छ पाण्यातून काढून तिने दक्षिणेकडच्या उन्हात टाकलंय. आत्ता डाग फिका पिवळा आहे.

दुपारी पुढचा भाग पुरा होतो आणि काळी लोकर संपते. आधीच घेतलेली दुसरी बाही निम्मी राहिली आहे.

आम्ही तुळशीबागेकडे निघतो. सकाळी स्वेटर लागत होता, आता ऊन डोक्यावर तापतं. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत इथे वाणाची खरेदी चालते. स्टीलचे चमचे, प्लास्टिकचे डबे, गाळण्या, कुंकवाचे करंडे, सगळं डझनाच्या हिशेबात. "ताई, बाजूला!" पाटीवाला वाट काढतो. कुठेतरी उसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं वाजतात.

लोकरीचं दुकान अरुंद आहे. एका वेळी चार बायका काउंटरला लागतात, बाकीच्या पायऱ्यांवर आणि खाली रस्त्यावर. आमच्या पुढे अकरा जणी. आत भिंतभर लोकर, जमिनीपासून छतापर्यंत. डाळिंबी, मोरपंखी, लिंबू, आमसुली. बहुतेक माल लुधियानाकडचा. आणि खरं पाहिलं तर यातलं फार थोडं मेंढीच्या अंगावरचं. बाकी सगळं ॲक्रिलिक, खनिज तेलापासून बनलेलं. पण मागायला आलेली प्रत्येक बाई लोकरच मागते. बाळासाठी ॲक्रिलिकच बरं, असं मावशीचं मत आहे. टोचत नाही, गरम पाण्यात आटत नाही, रोज धुता येतं.

रांग हलत नाही. मावशी पिशवीतून क्रोशा काढते. तीन राहिलेल्या पिशव्यांपैकी पहिली. उभ्या उभ्या हात चालू होतो. रांगेत क्रोशाच, सुया कधीच नाहीत. दोन सुयांवर ७७ टाके एकदम जिवंत असतात, एका धक्क्यात पळतात. क्रोशात एकच टाका आकड्यावर असतो. नंबर आला की तो जरा मोठा ओढायचा, पिशवीत टाकायचं आणि पुढे सरकायचं.

पुढची बाई वळून बघते. "हा शिंपला आहे ना?" दोघी डोकी जवळ आणतात. साखळी किती, खांब किती, कोपऱ्यात वाढवायचे कसे. पाच मिनिटांत वीण एकीकडून दुसरीकडे जाते. नाव-पत्ता कुणीच विचारत नाही.

पाऊण तासाने आम्ही काउंटरशी पोचतो.

"चार प्लाय, काळी. पन्नास ग्रॅमचा एक."

"लॉट नंबर, काकू?"

मावशी पर्समधून आधीच्या गुंड्याचं कागदी लेबल काढते. दुकानदार खोकी उघडतो. काळ्यात काय फरक असणार, असं वाटतं. तो दोन गुंडे उन्हात धरून दाखवतो. एक निळ्याकडे झुकतो, एक तपकिरीकडे. रंगाचा प्रत्येक घाणा वेगळा उतरतो. आपला नंबर तिसऱ्या खोक्यात तळाशी निघतो. मावशी तो गुंडा पदराखाली धरल्यासारखा पिशवीत ठेवते.

घरी येतो तेव्हा उन्हं कलली आहेत. खुर्च्या काकांनी परत पोचवल्यात. टोपड्यावरचा डाग शोधावा लागतो.

न्हाणीच्या दाराशी खुंटीला मरून रंगाची लडी लटकते आहे. खाली वजनाला पाण्याचा तांब्या बांधलाय. हा काकांचा स्वेटर. १९९४ साली मावशीने विणलेला, अस्सल लोकरीचा. कोपर विरले, बाकी अंग धडधाकट. परवा तिने तो उसवला. घोंगडं असं उसवत नाही, ते ताण्या-बाण्याचं, उभे-आडवे वेगळे धागे. स्वेटर म्हणजे एकच धागा, फाशातून फासा ओढलेला. शेवटचं टोक सापडलं की सगळा परत धागा होतो. उसवलेली लोकर शेवयांसारखी वेटोळी निघते. तिची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची, वजन लावून वाळवायची. तीस वर्षांचं वळण दोन दिवसांत उतरतं. यातून काकांनाच हाफ स्वेटर होणार आहे. बाह्यांची लोकर गेली, तेवढी कमी.

"हात पुढे कर."

मी दोन्ही हात उभे धरते. ती लडी माझ्या मनगटांवर चढवते, समोर बसते, टोक सोडवते, गुंडा करायला घेते. मी हात डावी-उजवीकडे झुलवते. धागा सुटत जातो. लोकरीला जुन्या कपाटाचा आणि नव्या साबणाचा वास आहे. लहानपणी याच घरात अशीच बसायचे मी, हात भरून येईपर्यंत. आताही भरून येतात.

बेल वाजते.

माझे हात लडीत, तिचे गुंड्यात. काका खाली गेलेत.

"दार लोटलेलंच आहे, ये गं!" मावशी ओरडते.

वरच्या मजल्यावरची सून आत येते, कडेवर बाळ. मापाला बोलावलं होतं. मावशी गुंडा माझ्या मांडीवर ठेवते, निम्मी झालेली काळी बाही सुईसकट उचलते आणि बाळाच्या हातावर लावून बघते. बाळ मूठ वळून सुईकडे बघतं. मावशीच्या तळहाताची ढाल मध्ये आहे. खांद्यापासून मनगटापर्यंत ती अंगठ्याने अंदाज घेते.

"अजून चार इंच. छत्तीस ओळी."

ती नव्या गुंड्याचं टोक शोधायला लागते. लडी माझ्या हातातच आहे.