किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला?

ऑफिसचा नेटवर्क ड्राइव्ह, लॅपटॉपची एन्क्रिप्टेड डिस्क, फोनमधल्या फायली... पासवर्ड एकदा टाकला की आपण निवांत! पण मशीनला ती किल्ली कुठेतरी सांभाळावीच लागते ना? जुन्या वाड्यात तिजोरीचा जुडगा घरातल्या एकाच मोठ्या माणसाच्या कमरेला असायचा. लिनक्समध्ये तो मान कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा. अँड्रॉइडच्या पोटातही हाच कर्नल आहे बरं का!

नियम कडक

ही सोय डिसेंबर २००४ मध्ये २.६.१० या आवृत्तीत आली. ती लिहिली डेव्हिड हॉवेल्स यांनी, पुण्यातही ऑफिस असलेल्या रेड हॅटसाठी. इथे प्रत्येक किल्लीला नंबर, मालक आणि परवानग्या असतात. हवी तर मुदतही घालता येते. जुडगे वेगवेगळे: प्रोसेसचा, लॉगिन सेशनचा, युजरचा. 'लॉगऑन' प्रकारची किल्ली तर कुठल्याच प्रोग्रामला वाचता येत नाही. कर्नल स्वतः कुलूप उघडून देतो, किल्ली हातात देत नाही. साध्या युजरला एरवी २०० किल्ल्यांची मर्यादा.

हिशेब चुकला की...

एक किल्ली किती जण वापरताहेत, याची कर्नल मोजदाद ठेवतो. आकडा शून्य झाला की ती टाकून देतो. जानेवारी २०१६ मध्ये 'पर्सेप्शन पॉइंट'च्या संशोधकांनी यातच भोक दाखवलं. सेशनचा तोच जुडगा पुन्हा पुन्हा मागितला की आकडा उगाच वाढायचा. मोजणी ३२ बिटांची, त्यामुळे सुमारे ४३० कोटींनंतर पुन्हा शून्य! कर्नल वापरातली जागा रिकामी समजायचा आणि साधा युजर थेट रूट होऊ शकायचा. २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून ही चूक तशीच पडून होती. ती दुरुस्त झाली, पण अपडेट टाळणाऱ्यांनी धडा घ्यावा.

वीकेंडला गावी निघताय?

शुक्रवारी आळेफाट्यावरून आणे घाट चढताना लिनक्सचा लॅपटॉप सॅकमध्ये असेल, तर नुसतं झाकण मिटू नका. स्लीपमध्ये डिस्कची किल्ली सहसा मेमरीतच राहते. एसटीत सॅक हरवली, तर चोराच्या हाती कुलूपही आणि आत किल्लीही! सरळ शटडाउन करा. जुडगा मेमरीत असतो, मशीन बंद झालं की तो रिकामा. आणि उत्सुकता असेल तर टर्मिनलवर 'कीसीटीएल शो' टाइप करून बघा. तुमच्या सेशनचा जुडगा समोर दिसेल.