अटीची पारख



शाळांच्या याद्या आता संगणकावर तयार होतात. त्यासाठी क्रमवार आज्ञा लिहिलेली फाईल वापरता येते. तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. युनिक्स प्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचे शेल आले. आजच्या लिनक्सवरील शेलची रीत मुख्यतः तीच आहे. हे यंत्र अट कशी पारखते, हे आपण समजून घेणे अगत्याचे आहे. कारण एखाद्या शाळेला मिळणारा शिक्षक त्या अटीवर अवलंबून असू शकतो.

शेलमध्ये प्रत्येक आज्ञा काम संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे यश. इतर कोणताही अंक म्हणजे अपयश. आपल्या गुणपत्रिकेच्या हे उलट वाटेल. परंतु यश एकाच प्रकारचे आणि अपयशाची कारणे अनेक, म्हणून ही योजना. ‘इफ’ हा शब्द पुढील आज्ञा चालवून शून्य आले की नाही, एवढेच पाहतो. तुलना ‘टेस्ट’ ही आज्ञा करते. अट खरी असल्यास ती ० देते, खोटी असल्यास १, आणि अट वाचताच न आल्यास त्याहून मोठा अंक.

उदाहरण घेऊ. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी पट ६० पर्यंत असल्यास दोन शिक्षक, ६१ ते ९० असल्यास तीन आणि ९१ ते १२० असल्यास चार शिक्षक असावेत. ‘पट ६० हून अधिक’ अशी अट लिहिताना दोन चुका संभवतात.

पहिली, संख्यांची तुलना अक्षरांप्रमाणे करणे. शब्दकोशाच्या क्रमात १०० हे ६० च्या आधी येते, कारण १ हा ६ च्या आधी आहे. मग शंभर मुलांची शाळा लहान ठरते व तिच्या वाट्याला चारऐवजी दोनच शिक्षक येतात.

दुसरी, पटाचा रकाना रिकामा राहणे. ‘टेस्ट’ त्रुटीचा अंक देते, पडद्यावर सूचनाही उमटते; परंतु काम थांबत नाही. ‘इफ’ला केवळ शून्य आले नाही एवढेच कळते, आणि ती शाळा निमूटपणे साठपर्यंतच्या यादीत जाते.

सबब, संख्यांसाठी संख्यातुलनेचेच चिन्ह वापरावे. रकाना भरला आहे काय, हे आधी तपासावे. आणि ६०, ६१, १०० व रिकामी जागा अशा चार नोंदींवर स्क्रिप्ट चालवून पाहावी.

हाच पाठ फळ्यावरही घेता येईल. ‘खोटे’ आणि ‘सांगता येत नाही’ ही उत्तरे निराळी आहेत, हे मुलांना अवश्य उमगू द्यावे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील दूरच्या वाडीवरील शाळेची नोंद अपुरी असेल, तर तिला उत्तर देण्यापूर्वी प्रथम विचारणा झाली पाहिजे.