गळक्या रक्तवाहिन्या आणि कॅन्सरचे औषध

कॅन्सरची गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. त्यासाठी ती व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडते आणि शेजारच्या वाहिन्यांना नवे फाटे फुटतात. हे बांधकाम घाईचे असते. निरोगी केशवाहिनीच्या भिंतीत पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात, त्यांच्यामधली फट जेमतेम काही नॅनोमीटरची. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात आणि त्यांच्या भिंतींना शेकडो नॅनोमीटरची भोके असू शकतात. त्यातच पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या गाठीत दबून निकामी झालेल्या असतात.

परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली शेती असणाऱ्याला ही स्थिती लगेच उमगेल. कालवा पाझरतो, शेताला चर नसतो, पाणी जागच्या जागी मुरते आणि जमीन चिबड होते. गाठीतही तसेच घडते. आत शिरलेला मोठा रेणू सहजी बाहेर पडत नाही.

जपानमधील कुमामोतो विद्यापीठाचे हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी 1986 मध्ये हे दाखवून दिले. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटणारा निळा रंग त्यांनी उंदरांना टोचला, तर तो गाठींत साठला आणि टिकून राहिला. नेहमीच्या केमोचा रेणू लहान असतो. तो सगळ्या शरीरात पसरतो आणि लवकरच बाहेर टाकला जातो. साधारण 40,000 डाल्टनपेक्षा जड रेणू मूत्रपिंडातून सहसा गाळला जात नाही, म्हणून तो रक्तात फिरत राहतो आणि गळकी वाहिनी भेटण्याची संधी त्याला पुनःपुन्हा मिळते. माएदा यांनी प्रथिन-औषधाला पॉलिमर जोडून केलेले स्मॅन्क्स यकृताच्या कॅन्सरसाठी 1993 मध्ये जपानमध्ये मंजूर झाले.

जगभर पोहोचले ते डॉक्सिल. डॉक्सोरुबिसिन हे जुने लाल औषध सुमारे 80 ते 100 नॅनोमीटरच्या स्निग्ध कुपीत, म्हणजे लायपोसोममध्ये भरलेले असते. कुपीवर पॉलिइथिलिन ग्लायकॉलचे आवरण असल्याने यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींना ती चटकन ओळखू येत नाही. अमेरिकेत 1995 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पुढे 2011 मध्ये त्याचे उत्पादन अडले आणि रुग्णांचे उपचार खोळंबले. तेव्हा, फेब्रुवारी 2012 मध्ये, मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स आयात करण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. वर्षभरात सन फार्माच्या जेनेरिक औषधालाही तिथे मान्यता मिळाली. इतक्या नाजूक कुपीची हुबेहूब घडण साधणे सोपे नाही, म्हणून ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

या औषधाचा सर्वात ठोस फायदा मात्र हृदयाला झाला. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 509 रुग्णांवरील, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गाठीवरचा परिणाम साध्या डॉक्सोरुबिसिनइतकाच होता, पण हृदयाची हानी बरीच कमी झाली. त्याच वेळी तळहात-तळपायांची आग होणे, कातडी सोलणे हा त्रास वाढला, कारण दीर्घकाळ रक्तात फिरणारी कुपी त्वचेतही उतरते.

गाठीवर अपेक्षेइतका परिणाम का दिसला नाही? टोरोंटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने 2016 मध्ये दहा वर्षांतले प्रयोग तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक अवघा 0.7 टक्के निघाला, आणि हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे होते. उंदराची गाठ झपाट्याने फुगते. माणसाची वर्षानुवर्षे वाढते, तिच्या वाहिन्या ठिकठिकाणी वेगळ्या असतात. शिवाय पाझराने गाठीतला दाब चढतो आणि बाहेरचे औषध आत ढकलले जात नाही. हे हार्वर्डचे राकेश जैन यांनी दाखवले. गळती वाढवण्याऐवजी वाहिन्या थोड्या सुधाराव्यात, म्हणजे रक्तप्रवाह नीट होऊन औषध खोलवर जाईल, अशी उलटी वाटणारी सूचना त्यांनी 2001 मध्ये केली. 2020 मध्ये चॅन यांच्या गटाला तर असेही आढळले की उंदरांच्या गाठीत शिरणारे बहुतेक कण भोकांतून जातच नाहीत, भिंतीच्या पेशी त्यांना स्वतःहून आरपार नेतात.

सगळ्या गाठी सारख्या गळत नाहीत, हे रुग्णांमध्येही मोजले गेले आहे. ब्रिटनमध्ये 2001 मध्ये किरणोत्सारी खूण लावलेले लायपोसोम देऊन चित्रे काढली, तेव्हा डोके-मानेच्या गाठींत त्यांचा साठा स्तनाच्या गाठींपेक्षा कितीतरी जास्त दिसला. तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर मराठवाड्यात नेहमीचा आहे. परभणीचा रुग्ण उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शी किंवा मुंबई गाठतो. महाग नॅनो-औषध सुरू करण्याआधी अशा रुग्णाची गाठ ते शोषते का, हे चित्रण करून पाहण्याची पद्धत रुळली, तर औषध कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे आधीच ठरवता येईल.