अक्षर तेच, अर्थ भलताच!

लिनक्सची काळी स्क्रीन समोर आली की आपण आधी कमांड पाठ करतो. खरा लोच्या मात्र कमांडपुढच्या इवल्याशा अक्षरांत असतो. एक डॅश आणि एक अक्षर. त्यालाच म्हणतात ऑप्शन किंवा फ्लॅग.

आता हे बघा. 'एसएसएच'ने दुसऱ्या मशीनवर लॉगिन करताना पोर्ट नंबर द्यायला छोटा 'पी' लागतो. त्याचंच भावंड असलेल्या 'एससीपी'ला मात्र मोठा 'पी' हवा, कारण तिथे छोटा 'पी' फाइलची तारीख-वेळ जपायच्या कामाला लागलाय. 'ग्रेप'ला छोटा 'आर' दिला की तो आतल्या फोल्डरांतही शोधतो. 'एलएस'ला दिला की यादी उलटी होते. आणि 'सीएचमॉड'ला दिलात तर फाइल वाचायची परवानगीच जाते!

हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. प्रोग्राम वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात लिहिले आणि इंग्रजी अक्षरं छोटी-मोठी धरून 52च. म्हणून ग्नू प्रकल्पाने दोन डॅश आणि पूर्ण शब्द ही पद्धत रुळवली. 'हेल्प' आणि 'व्हर्जन' हे ऑप्शन तर प्रत्येक प्रोग्रामला हवेतच, असा त्यांचा नियम आहे.

तुम्ही म्हणाल, माझ्या छोट्या टूलला कशाला एवढे सोपस्कार? समजा, तुम्ही जुन्या फाइली पुसणारं टूल लिहिलंत. सबमिशनच्या आदल्या रात्री तुमचा ज्युनिअर ते चालवतोय. 'मेक', 'आरसिंक', 'गिट क्लीन' या तिन्हींत छोटा 'एन' म्हणजे 'काय होईल ते नुसतं दाखव'. त्या सवयीने तो 'एन' देतो. तुमच्याकडे 'एन'चा अर्थ 'न विचारता पुसून टाक' असेल, तर त्याचं प्रोजेक्ट गेलं!

म्हणून रुळलेल्या अक्षराला नवा अर्थ चिकटवू नका. प्रत्येक अक्षराला जोडीला पूर्ण नाव द्या. टूलमध्ये चार सब-कमांड असतील, तर चारही ठिकाणी अर्थ एकच ठेवा. पायथॉन वापरत असाल तर 'आर्गपार्स' घ्या, हेल्प आपोआप तयार होते.

मग मित्राला नुसती अक्षरं दाखवा आणि अर्थ ओळखायला सांगा. तो जिथे चुकेल, ते अक्षर बदला. पण हे टूल वाटण्याआधी करा बरं का! लोक वापरायला लागल्यावर जुन्या फ्लॅगचा अर्थ फिरवायचा नाही, नवा फ्लॅग जोडायचा.