बर्मिंगहॅमची रिकामी तिजोरी आणि प्रेस्टनचा बाजार

५ सप्टेंबर २०२३ रोजी ब्रिटनमधील बर्मिंगहॅम शहराच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या महापालिकेने, 'सेक्शन ११४'ची नोटीस काढली. अकरा लाखांहून अधिक लोकवस्तीचे शहर दिवाळखोर झाले, अशा बातम्या जगभर गेल्या. खरे तर ब्रिटनमध्ये कौन्सिलला कायद्याने दिवाळे काढता येत नाही. १९८८ च्या कायद्यातील हे कलम सांगते की खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होणार असेल, तर मुख्य वित्त अधिकाऱ्याने तसे जाहीर करावे. त्यानंतर कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवा सोडून नवा खर्च थांबतो आणि २१ दिवसांत नगरसेवकांना बैठक घ्यावी लागते.

बर्मिंगहॅमवर ही वेळ का आली, याची एक गोष्ट आपल्या चळवळीतल्या तरुणांनी नीट समजून घ्यावी. कौन्सिलच्या नोकरीत कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, कबरी खोदणारे कामगार बहुतेक पुरुष होते आणि त्यांना पगारावर बोनस मिळे. त्याच दर्जाचे काम करणाऱ्या स्वयंपाकी, सफाई आणि वृद्धांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांना तो मिळत नसे. १७०हून अधिक माजी कर्मचारी, त्यातल्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया, न्यायालयात गेल्या आणि २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या दशकभरात कौन्सिलने समान वेतनाच्या दाव्यांपोटी सुमारे ११० कोटी पौंड दिले. तरीही २०२३ मध्ये आणखी ६५ ते ७६ कोटी पौंडांचे देणे निघेल असा अंदाज पुढे आला. त्यात नव्या संगणक प्रणालीचा खर्च १.९ कोटींवरून सुमारे १० कोटींवर गेलेला. 'बायकांच्या दाव्यांनी शहर बुडवले' असे म्हणणारे तिथेही भेटतात. पण ते कर्ज त्या स्त्रियांचे नव्हतेच. वर्षानुवर्षे त्यांना कमी पगार देऊन जे वाचवले, त्याची ती थकबाकी होती.

एवढे असूनही सगळा दोष एकट्या बर्मिंगहॅमचा नाही. नॉर्थॅम्प्टनशायर, क्रॉयडन, स्लाव, वोकिंग, नॉटिंगहॅम अशा अनेक कौन्सिलांनी २०१८ नंतर हीच नोटीस काढली. कारण उत्पन्नाच्या रचनेत आहे. इंग्लंडमधील कौन्सिलला मुख्यतः तीन ठिकाणांहून पैसा येतो : केंद्र सरकारचे अनुदान, घरांवरचा कौन्सिल टॅक्स आणि दुकाने-कचेऱ्यांच्या जागेवरचा बिझनेस रेट. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे २०१०-११ ते २०१७-१८ या काळात केंद्राकडून मिळणारा निधी महागाई वजा करता ४९ टक्क्यांनी घटला. कौन्सिल टॅक्स वाढवावा, तर साधारण ५ टक्क्यांच्या वर जाताना सार्वमत घ्यावे लागते. शिवाय हा कर आजही १९९१ च्या घरकिमतींवर बेतलेला आहे. खर्चाच्या बाजूला वृद्ध, अपंग आणि असुरक्षित मुलांची काळजी घेणे कायद्याने सक्तीचे, आणि तो खर्च दरवर्षी वाढतो. मग कात्री लागते ग्रंथालयांना, युवा केंद्रांना, बागांना आणि रस्तेदुरुस्तीला. वस्तीतल्या वाचनालयात बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्यांना ग्रंथालय बंद होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्याने ठरवलेल्या अनुदानावर चालणाऱ्या शासनाचे काय होते, हा प्रश्न बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी अभ्यासला होता. १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' या ग्रंथात १८७१ पासून प्रांतांना आधी ठोक नेमणूक, मग नेमून दिलेला महसूल आणि नंतर वाटून घेतलेला महसूल असे टप्पे कसे आले, याची मांडणी आहे. ती वाचली की आजचे ब्रिटिश कौन्सिल लवकर कळते. आपल्याकडेही १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि बदल्यात राज्याचे सहायक अनुदान आले. स्वतःचे उत्पन्न जाऊन वरून येणाऱ्या हप्त्याची वाट पाहणे, हा बदल आपल्या गावांनीही पाहिला आहे.

आता बाजारपेठेकडे येऊ. ब्रिटनमध्ये गावातल्या मुख्य बाजाररस्त्याला हाय स्ट्रीट म्हणतात. २००९ च्या सुरुवातीला वूलवर्थ्सची शेवटची दुकाने बंद झाली, २०१६ मध्ये बीएचएस, २०२१ मध्ये डेबेनहॅम्स आणि २०२३ मध्ये विल्को. ऑनलाइन खरेदी वाढली हे एक कारण, भरमसाट भाडे हे दुसरे. २०१३ पासून बिझनेस रेटचा निम्मा वाटा स्थानिक पातळीवर राहतो. म्हणजे दुकानांची रांग ओस पडली की त्याची झळ कौन्सिलच्या तिजोरीलाही लागते. अनेक दुकानांचे मालक दूरच्या गुंतवणूक कंपन्या असतात. भाडे कमी केले तर कागदावरची मालमत्तेची किंमत पडते, म्हणून जागा रिकामी ठेवणे त्यांना परवडते.

यावर वोकिंगने काढलेला उपाय फसला. सुमारे १.६ कोटी पौंड मूळ निधी असलेल्या या छोट्या कौन्सिलने कर्ज काढून शहराच्या मध्यभागी उंच मनोरे, हॉटेल आणि दुकाने उभारली. उत्पन्न येईल, त्यातून सेवा चालतील, असा हिशेब होता. कर्ज जवळपास २०० कोटी पौंडांवर गेले आणि जून २०२३ मध्ये नोटीस निघाली. बर्मिंगहॅमने कपातीचा रस्ता धरला : दोन वर्षांत सुमारे ३० कोटींची काटछाट, एका वर्षी कौन्सिल टॅक्समध्ये सुमारे १० टक्के वाढ, मालमत्तांची विक्री. एकदा विकलेली इमारत पुन्हा भाडे देत नाही, आणि काटछाटीची झळ ज्याला सार्वजनिक सेवेशिवाय पर्याय नाही त्यालाच आधी बसते.

मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते प्रेस्टन. लँकेशायरमधील या शहरात ७० कोटी पौंडांचे टिथबार्न नावाचे मोठे खरेदी संकुल होणार होते. जॉन लुईस या मोठ्या दुकानाने अंग काढले आणि २०११ मध्ये तो प्रकल्प कोसळला. बाहेरचा गुंतवणूकदार येणार नाही हे कळल्यावर कौन्सिलने वेगळा प्रश्न विचारला : शहरातल्या सार्वजनिक संस्था आधीच जो पैसा खर्च करतात, तो जातो कुठे? कौन्सिल, काउंटी, पोलीस, महाविद्यालय, गृहनिर्माण संस्था अशांच्या सर्वांत मोठ्या ३०० पुरवठादारांची यादी तपासली. २०१२-१३ मध्ये त्यांच्या खरेदीपैकी फक्त ५ टक्के, म्हणजे ३.८ कोटी पौंड, प्रेस्टनमध्ये राहत होते.

मग टेंडरची रचना बदलली. शाळेतल्या जेवणाच्या मोठ्या कंत्राटाचे छोटे तुकडे केले, त्यामुळे आसपासच्या शेतकऱ्यांना आणि छोट्या पुरवठादारांना बोली लावता आली. जुन्या छपराच्या मंडईचे नूतनीकरण स्थानिक बांधकाम कंपनीने केले आणि २०१८ मध्ये मंडई पुन्हा उघडली. २०१६-१७ पर्यंत शहरात राहणारा पैसा ११.१ कोटी पौंडांवर, म्हणजे १८ टक्क्यांवर गेला. नवा कर नाही, नवे कर्जही नाही. मर्यादा मात्र आहेत. प्रेस्टनला मिळालेले कंत्राट दुसऱ्या गावाने गमावलेले असू शकते, आणि 'स्थानिक' या नावाखाली नगरसेवकाच्या मेहुण्याला काम देण्याचा धोका आपल्याला चांगलाच ठाऊक आहे. म्हणून खुली यादी आणि खुले टेंडर हवेच. शिवाय केंद्राच्या अनुदानात पडलेले खिंडार एवढ्याने भरत नाही.

स्टॉकटन-ऑन-टीजने आणखी धाडसी मार्ग निवडला. गरजेपेक्षा दुकाने जास्त आहेत हे मान्य करून कौन्सिलने २०१९ मध्ये कॅसलगेट हे संकुल विकत घेतले, उरलेली दुकाने जवळच्या दुसऱ्या संकुलात नेली आणि कॅसलगेट पाडून नदीकाठी उद्यानाचे काम हाती घेतले. डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधील कौन्सिलांना नवा अधिकारही मिळाला आहे. दोन वर्षांत ३६५ दिवस रिकाम्या राहिलेल्या दुकानाचा एक ते पाच वर्षांचा भाडेपट्टा कौन्सिल लिलावाने देऊ शकते. सहकारी संस्था, तरुणांचा छोटा धंदा, सामाजिक केंद्र यांना मुख्य रस्त्यावर जागा मिळण्याची ही वाट आहे.

यातला प्रेस्टनचा पहिला टप्पा करून पाहायला पद लागत नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिलांना ५०० पौंडांवरच्या खर्चाची यादी जाहीर करावी लागते. आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज आहे. मार्चमध्ये ५ टक्के मागासवर्गीय निधीचा हिशेब मागणारे आपले कार्यकर्ते त्याच अर्जात आणखी एक ओळ लिहू शकतात : गेल्या वर्षी नगरपरिषदेने कोणाकडून काय घेतले, किती रकमेचे, आणि त्या पुरवठादाराचा पत्ता कोणत्या गावचा?