विहीर वर, शोषखड्डा खाली : बालीतील घराची रचना

इंडोनेशियातील बाली बेटावर शेतकऱ्याचे घर म्हणजे भिंतीने वेढलेले, सुट्या खोल्यांचे आवार. डोंगराकडील बाजूस तेथे ‘काजा’, समुद्राकडील बाजूस ‘केलोद’ म्हणतात. देवस्थान काजाकडे, संडास-न्हाणी साधारणपणे केलोदकडे. जमिनीचा उतारही बहुधा तसाच असतो व भूजल त्याच अंगाने झिरपते. त्यामुळे विहीर वर आणि सेप्टिक टँक व शोषखड्डा खाली घेणे सोयीचे पडते. दोहोंत किमान १० मीटर अंतर ठेवावे.

मात्र आवारे एकमेकांस लागून असतात. आपला खालचा कोपरा म्हणजे शेजाऱ्याचा वरचा कोपरा! म्हणून विहीर खोदण्यापूर्वी वरच्या घराचा शोषखड्डा कोठे आहे, हे आधी पाहावे. उतारावरील आपल्या वाड्यांनाही हे लागू आहे.

बिनतळाच्या, नुसती कडी उतरवलेल्या खड्ड्यातून मैलापाणी सरळ जमिनीत मुरते. पावसाळ्यात भूजल वर आले की धोका वाढतो. टँकचा तळ पक्का बांधावा, दोन कप्पे ठेवावेत आणि दुसऱ्या कप्प्यातून निघणारे पाणीच शोषखड्ड्यात सोडावे. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा. सांडपाणी पाटात सोडू नये. ‘सुबाक’ या शेतकऱ्यांच्या पाणीसंस्थेमार्फत तेच पाणी खालच्या खाचरांत जाते.